जवभर

पहिलं माप टेपनं घेतलंच नाही.
रात्री दोनला उठले. यदुनाथ झोपलेला,
डावा हात गादीच्या काठावरून बाहेर आलेला.
त्या मनगटाखाली, जमिनीपासून वर,
वीत लावत मोजत गेले अंधारात:
दोन विती, चार बोटं.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून
हा हात रात्री पाणी शोधतो
आणि खुर्चीवरचा पेला पाडतो.
काचेचे दोन फुटले.
तिसरा स्टीलचा, तो फुटत नाही,
भिंतीपलीकडच्या होलरॉइडला उठवतो.

म्हणूनच असेल, शनिवारी होलरॉइड
मोडक्या कपाटाच्या फळ्या घेऊन दारात.
पाइनच्या, गाठीगाठींच्या.
नाहीतर जाळणारच होतो, म्हणाला.
वर एक रंधा दिला, मूठ तळव्याएवढी झिजलेली,
कुणाच्या तळव्याएवढी ते विचारलं नाही.

हॅलिफॅक्सला नोव्हेंबरात चारलाच दिवेलागण.
शेडमध्ये माझ्या तोंडची वाफ
आणि रंध्यातून निघणारी सालपं,
पहिली जाड, तुटकी, चिडकी,
मग एक आलं लांबलचक, कांद्याच्या पापुद्र्यासारखं,
मी ते उजेडात धरून पाहिलं
आणि पलीकडचा दिवा दिसला.

दिवसा मी हाडांचे फोटो काढते.
खुबा, गुडघा, मनगट. श्वास रोखा. सोडा.
तरी पहिली कूस चुकलीच:
पटाशी तसूभर पुढे गेली आणि खाच सैल झाली.
कापलेलं लाकूड परत मागता येत नाही.
त्याच लांब सालपाची घडी करून
सरसात बुडवून ठोकली आत.
कुणाला दिसत नाही. मला दिसते.

चार पाय, एक फळी. काचकागद, तेल.
स्वयंपाकघरातल्या दगडी फरशीवर ठेवलं,
जागचं हललं नाही.
यदुनाथनं वर कोपर टेकून पाहिलं,
म्हणाला, विकत आणलंस ना? खरं सांग.

वर झोपायच्या खोलीत नेलं.
डुगडुग.
फिरवून ठेवलं. डुगडुग.
रात्रभर पायांना दोष दिला,
मग पटाशीला, मग त्या सालपाच्या घडीला,
मग स्वतःला, सवयीनं.

रविवारी होलरॉइड पाणसळ घेऊन आला.
मेजावर ठेवली नाही, गुडघे मोडून
जमिनीवर ठेवली.
बुडबुडा हळूहळू खिडकीकडे निघून गेला.
त्याची यॉर्कशरची बोली मला
अठरा वर्षांनीही सगळी उमगत नाही,
पण इतकं उमगलं: घर गिरणीच्या काळातलं,
केव्हाच दरीकडे कललंय,
मेजाला कशाला रागवता.

अठरा वर्षं या जमिनीवर अनवाणी चालले.
पायांना माहीत असणार. बोलले नाहीत.

मग करवत. एका पायाचा जवभर,
दुसऱ्याचा दोन जव.
पुन्हा ठेवलं. पेला भरून ठेवला वर.
पाणी काठाशी सगळीकडून सारखं.

आता हे मेज खाली नेलं तर लंगडेल.
दिवाणखान्यात लंगडेल, दुकानात, दुसऱ्या कुठल्याही घरात.
याच कोपऱ्यात, खिडकीपासून अडीच हातांवर,
तेवढं ते सरळ आहे.

रात्री केव्हातरी हात आला.
आधी काठ चाचपला, मग ती गाठ,
जी मी मुद्दाम पुढच्या बाजूला ठेवली होती,
मग पेला.
घोट गिळल्याचा आवाज. पेला परत ठेवल्याचा.
मी जागी होते हे त्याला सांगितलं नाही.

सोमवारी बस-स्टॉपवर पास शोधताना
कोटाच्या खिशात बोटांना काहीतरी लागलं:
पायाचा कापलेला तुकडा,
नखाएवढा, एका बाजूला पातळ,
एका बाजूला किंचित जाड.
बस आली. ड्रायव्हरला मी तोच दाखवला.